कुंपणावरची सदाफुली

मुलांनो, सदाफुली पाहिली नाही असं तुमच्यात कोणीच नसेल. गुलाबी किंवा पांढरी, पाच पाकळ्यांची, मधोमध छोटासा ठिपका. शाळेच्या कुंपणाला, देवळाच्या पायरीशी, एस.टी. स्टँडच्या भिंतीला पडलेल्या भेगेत, ती कुठंही उगवते. तिला खत लागत नाही. पाणी घातलं तर छान, विसरलात तरी ती रुसत नाही. गुलाबाचं रोप कोणी उपटून नेलं तर घरात केवढा आरडाओरडा होतो! सदाफुलीचं नेलं तर कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

पण एक गोष्ट तुम्ही कधी पाहिली आहे का? शेळी कुंपणापाशी आली की जास्वंदीची पानं ओरबाडते, कोवळी फांदी दिसली की तिचाही फडशा पाडते. सदाफुलीला मात्र ती सहसा तोंड लावत नाही. का बरं?

कारण सदाफुलीचं पान कडू असतं. आणि नुसतं कडू नाही बरं का, विषारी असतं. झाडाला पाय नसतात. शेळी आली म्हणून ते पळून जाऊ शकत नाही, अळी चढली म्हणून हात झटकू शकत नाही. मग ते करतं काय? आपल्या पानांत, मुळांत, सालीत अशी रसायनं तयार करतं, की खाणाऱ्यानं पुन्हा वाटेला जाऊ नये. सदाफुलीच्या अंगात अशी शंभराहून जास्त रसायनं आहेत. त्यांतली दोन आज कर्करोगावरची महत्त्वाची औषधं आहेत. एकाचं नाव व्हिन्क्रिस्टिन, दुसऱ्याचं व्हिन्ब्लास्टिन. ती सापडली कशी, ती शरीरात नेमकं काय करतात, आणि म्हणून आपण उठून सदाफुलीची पानं चावावीत का, हे आज पाहू या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच सांगून टाकते : मुळीच नाही! का नाही, ते पुढं कळेलच.

पाकिटातून आलेली पंचवीस पानं

सदाफुली मूळची आपल्याकडची नव्हे. आफ्रिकेच्या पूर्वेला समुद्रात मादागास्कर नावाचं मोठं बेट आहे, ते तिचं माहेर. तिथून ती शोभेचं झाड म्हणून जगातल्या साऱ्या उष्ण देशांत पोचली. जिथं जिथं गेली, तिथं लोकांनी तिचा औषध म्हणून काही ना काही उपयोग करून पाहिला. वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर मधुमेह झालेली माणसं तिच्या पानांचा चहा करून पीत असत.

१९५२ साली कॅनडातल्या क्लार्क नोबल नावाच्या डॉक्टरांना जमैकाहून एक पाकीट आलं. ते पाठवलं होतं त्यांच्याच एका रुग्णानं. पाकिटात होती सदाफुलीची पंचवीस पानं. पानांचा मधुमेहावर खरंच काही उपयोग होतो का, हे तपासून पाहावं, अशी त्यामागची इच्छा. क्लार्क यांनी ती पानं आपल्या धाकट्या भावाकडं, रॉबर्ट नोबल यांच्याकडं दिली. रॉबर्ट हे कॅनडातल्याच वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधक होते.

रॉबर्ट नोबल यांनी पानांचा अर्क काढून उंदरांना पाजला. उंदरांच्या रक्तातली साखर होती तेवढीच राहिली. मग त्यांनी अर्क टोचून पाहिला. तरीही साखर कमी होईना. म्हणजे प्रयोग फसला, असंच कोणीही म्हणालं असतं. पण झालं असं, की अर्क टोचलेले उंदीर काही दिवसांतच जंतुसंसर्गानं मरू लागले. धडधाकट उंदीर एकदम असे का मरतात? रक्त तपासलं तेव्हा दिसलं, की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी झाल्या होत्या. पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे शिपाई. शिपाईच उरले नाहीत, तेव्हा जंतूंना रान मोकळं मिळालं.

आता इथं खरी गंमत आहे. एखाद्यानं ते उंदीर फेकून दिले असते आणि वहीत लिहिलं असतं, ‘उपयोग नाही’. नोबल यांनी वेगळा विचार केला. रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे ल्युकेमियात, बिघडलेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. आणि या पानातलं काहीतरी पांढऱ्या पेशी कमी करतंय! मग तेच काहीतरी या आजारावर चालणार नाही का?

१९५४ मध्ये चार्ल्स बीअर नावाचे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर काम करू लागले. पानांच्या अर्कात शेकडो पदार्थांची खिचडी असते. त्यातून नेमका हवा तो पदार्थ वेगळा काढणं म्हणजे पोतंभर तांदळातून एक खडा शोधण्यासारखं. बीअर यांनी तो खडा शोधला. १९५८ साली या पदार्थाची माहिती त्यांनी जगापुढं मांडली. तेच आजचं व्हिन्ब्लास्टिन. त्याच सुमाराला अमेरिकेत एलाय लिली या औषध कंपनीत गॉर्डन स्वोबोडा हे शास्त्रज्ञही सदाफुलीवरच काम करत होते. त्यांच्या अर्कानं ल्युकेमिया झालेले उंदीर जास्त दिवस जगले. त्यांच्या गटाला सदाफुलीत आणखी एक पदार्थ सापडला, तो व्हिन्क्रिस्टिन. १९६३ साली अमेरिकेत त्याच्या वापराला परवानगी मिळाली.

शोधायला गेले मधुमेहाचं औषध, हाती लागलं कर्करोगाचं! यात दैव होतंच, पण नुसत्या दैवानं भागलं नसतं. मेलेल्या उंदराकडं नीट पाहणारा डोळाही तिथं होता.

घंटा न ऐकणाऱ्या पेशी

औषध काम कसं करतं हे समजायला आधी कर्करोग म्हणजे काय, ते पाहू.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी असतात. जुन्या पेशी मरतात, नव्या जन्मतात. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. गुडघा खरचटला की आठवडाभरात नवी कातडी येते, ती अशीच. पण गंमत पाहा, जखम भरली की वाढ थांबते. गुडघ्यावर कातडीचा डोंगर होत नाही. शाळेत मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की तुम्ही वर्गात येता ना, तशीच पेशींनाही ‘आता पुरे’ अशी घंटा ऐकू येते.

कधी कधी एखाद्या पेशीच्या आतल्या सूचनांत बिघाड होतो. तिला ही घंटा ऐकूच येत नाही. ती आपली दोनाच्या चार, चाराच्या आठ होतच राहते. तिच्या लेकी आणि नातीही तशाच बहिऱ्या. त्या इतर पेशींची जागा अडवतात, अन्न पळवतात, शरीरात दूरवर जाऊन ठाण मांडतात. याला म्हणतात कर्करोग. तो जंतूंमुळं सर्दीसारखा एकाचा दुसऱ्याला होत नाही. शेजारी बसल्यानं नाही, डबा वाटून खाल्ल्यानं नाही, हातात हात घेतल्यानंही नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण त्याचं काम पुढं पडणार आहे.

दोरीचे मणी कोणी पळवले?

आता पेशीच्या आत डोकावू. दोन होण्याआधी पेशीला मोठी वाटणी करावी लागते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. शरीर कसं चालवायचं याच्या सूचना त्यांत लिहिलेल्या असतात. पेशी आधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल करते. मग एक प्रत पेशीच्या या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला न्यायची. एकही इकडची तिकडं होता कामा नये. नेणार कोण? तर दोऱ्या! पेशीच्या दोन्ही टोकांकडून बारीक बारीक दोऱ्या निघतात, गुणसूत्रांना पकडतात आणि आपापल्या बाजूला ओढून नेतात. जणू रस्सीखेचच.

या दोऱ्या किती बारीक? तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे तीन हजार भाग केले, तर त्यांतल्या एका भागाएवढ्या. त्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या असतात. ट्युब्युलिनचे मणी एकापुढं एक जोडले की दोरी लांबते, मणी सुटले की आखडते. पेशी गरजेप्रमाणं दोरी विणते आणि उसवते.

सदाफुलीचं औषध इथंच डाव टाकतं. व्हिन्क्रिस्टिन या मण्यांना जाऊन चिकटतं. मग मणी नीट ओवलेच जात नाहीत. दोरीच नाही तर ओढणार कशानं? गुणसूत्रं बिचारी पेशीच्या मधोमध ताटकळत राहतात. पेशीत एक पहारेकरीही असतो. वाटणी नीट झाल्याशिवाय तो पुढं जाऊ देत नाही. फार वेळ अशी अडकून पडली की पेशी स्वतःच स्वतःला संपवते. म्हणजे औषध पेशीवर हातोडा मारत नाही. ते तिचं काम अडवतं, आणि अडलेली पेशी मरते.

तुम्ही विचाराल, ‘मग आपल्या चांगल्या पेशींचं काय?’ शाब्बास! अगदी योग्य प्रश्न. औषधाला चांगलं-वाईट ओळखता येत नाही. ज्या पेशी सतत दोनाच्या चार होत असतात, त्यांना जास्त फटका बसतो. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात. पण केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर वाढणाऱ्या असतात. म्हणून असं औषध घेताना पुष्कळांचे केस गळतात. औषध थांबलं की ते पुन्हा येतात. आपल्या लांबच लांब मज्जातंतूंच्या आतही याच ट्युब्युलिनच्या दोऱ्या असतात. त्यांवरून रुळावरून जावा तसा माल इकडून तिकडं जातो. म्हणून व्हिन्क्रिस्टिन घेणाऱ्याच्या हातापायांना मुंग्या येतात, पोट साफ होत नाही. जे विष शेळीला दूर ठेवतं, ते माणसालाही सोडत नाही. म्हणूनच ते फार जपून, अगदी मोजून द्यायचं.

रुमाल बांधलेली मुलगी

काही वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी पुष्कळ महिन्यांनी शाळेत परतली. डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा सुजलेला. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. मुंबईला उपचार चालू होते, आणि मधल्या काळात डॉक्टरांनी तिला शाळेत जायला परवानगी दिली होती. पहिल्या दिवशी तिच्या बाकावर कोणी बसेना. कोणीतरी घरी ऐकून आलं होतं, की ‘लागण होते’. मग त्या दिवशी आम्ही गणिताचा तास बाजूला ठेवला आणि वर सांगितलेली सगळी गोष्ट, पेशींची, घंटेची आणि दोऱ्यांची, वर्गात खेळून पाहिली. मुलं पेशी झाली, खेळायच्या दोऱ्या आणल्या. तास संपायच्या आत तिच्या बाकावर बसायला तिघीजणी भांडत होत्या.

तिच्या वडिलांना एका ओळखीच्या माणसानं सांगितलं होतं, ‘कशाला त्या इंजेक्शनांचा छळ? हॉस्पिटल सोडा, मी देतो त्या पानांचा रस पाजा, झाडपाला आहे, त्रास नाही.’ वडील बिचारे गोंधळले. पोरीचे हाल बघवत नव्हते. पण त्यांनी एक चांगलं केलं, ते थेट डॉक्टरांनाच जाऊन विचारलं. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की मुलीला आठवड्याला जे इंजेक्शन मिळतंय, ते सदाफुलीचंच आहे. फक्त ते शुद्ध केलेलं आहे आणि मोजून दिलेलं आहे. वडिलांनी उपचार सोडले नाहीत. ती मुलगी आता माझ्या वर्गात नाही, ती हायस्कूलला गेली आहे. दोन वेण्या घालते.

मोजून म्हणजे किती? व्हिन्क्रिस्टिन एका वेळी साधारणपणे २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. तांदळाच्या एका दाण्याचा दहावा भाग, एवढंच! मुलाची उंची आणि वजन पाहून हिशेब करतात. आता सांगा, पानांचा वाटीभर रस प्यायला तर त्यात हे औषध किती, आणि बाकीची शंभर रसायनं किती, हे कोणाला कळणार?

एकटं औषध, चार औषधं

आणखी एक गोष्ट. नुसत्या व्हिन्क्रिस्टिननं ल्युकेमिया झालेली मुलं थोडे दिवस बरी दिसत, आणि आजार पुन्हा उलटत असे. अमेरिकेत एमिल फ्रेई आणि एमिल फ्राइरिच या दोन डॉक्टरांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत धाडस केलं. चार वेगवेगळी औषधं त्यांनी एकत्र दिली. एका औषधाच्या तावडीतून सुटलेली पेशी दुसऱ्याच्या जाळ्यात अडकावी, हा त्यामागचा विचार. त्या चारांतलं एक सदाफुलीचं होतं. १९५० च्या सुमाराला हा आजार झालेलं मूल बहुधा काही महिनेच जगत असे. आज जिथं पूर्ण आणि चांगले उपचार मिळतात, तिथं मुलांमधल्या सर्वांत नेहमीच्या प्रकारच्या ल्युकेमियात दहापैकी जवळजवळ नऊ मुलं बरी होतात. मात्र हे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. आपल्या देशात हे प्रमाण कमी पडतं. उपचार मध्येच सुटणं हे त्याचं एक मोठं कारण आहे.

नंदुरबारचे वाणी आणि यू वृक्षाची साल

सदाफुली एकटीच आहे असं समजू नका. तिची भावंडं पुष्कळ आहेत. त्यांतल्या दोघांची गोष्ट आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात शिकून ते पुढं अमेरिकेला गेले. तिथं मन्रो वॉल या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी वनस्पतींतली कर्करोगविरोधी रसायनं शोधायचं काम केलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जंगलात यू नावाचा हळूहळू वाढणारा एक सदाहरित वृक्ष आहे. १९६२ मध्ये सरकारी वनस्पतितज्ज्ञांनी त्याची साल गोळा करून आणली. त्या सालीतून वॉल आणि वाणी यांनी एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध केली. त्याचं नाव टॅक्सॉल.

टॅक्सॉल काय करतं? १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ या शास्त्रज्ञ बाईंनी ते शोधून काढलं, आणि सगळे चकित झाले. सदाफुली दोरी ओवूच देत नाही, तर टॅक्सॉल अगदी उलट करतं. ते दोरी उसवूच देत नाही! मणी घट्ट चिकटून बसतात, दोरी काठीसारखी ताठ होते. ताठ दोरीनं वाटणी होत नाही, आणि पेशी तशीच अडकून मरते. वाटा दोन, मुक्काम एकच. १९९२ साली हे औषध अमेरिकेत बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी वापरात आलं. पुढं स्तनांच्या कर्करोगातही त्याचा मोठा उपयोग झाला.

पण अडचण अशी, की साल काढली की यू वृक्ष मरतो, आणि एक किलो औषधासाठी काही हजार झाडांची साल लागे. रोगी वाचवायचा की जंगल? फ्रान्समधल्या पिएर पोतिए यांच्या गटानं मार्ग काढला. युरोपातल्या यू वृक्षाच्या पानांत टॅक्सॉलशी मिळताजुळता एक पदार्थ असतो. त्यापासून प्रयोगशाळेत औषध बनवता येतं. पानं तोडली तरी पुन्हा फुटतात, झाड जगतं.

दुसरी गोष्ट तर आपल्या सह्याद्रीतली. महाबळेश्वर, आंबोली अशा डोंगराळ भागात नरक्या नावाचं एक छोटं झाड होतं. म्हणजे आजही आहे, पण पूर्वीसारखं मुबलक नाही. त्याला घाण वास येतो, म्हणून हे नाव. वॉल आणि वाणी यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचा पदार्थ शोधला होता. तोच पदार्थ १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना आपल्या नरक्यात भरपूर सापडला. त्याची काम करायची तऱ्हा निराळी आहे. विहिरीच्या दोराला फार पीळ पडला की तो सोडवावा लागतो ना? तसाच पेशीतल्या डीएनएच्या दोराला पीळ पडतो. तो सोडवायला एक विकर असतं. ते दोराला बारीकसा छेद देतं, पीळ सोडवतं आणि छेद पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्या विकराला छेद दिलेल्या अवस्थेतच जखडून ठेवतं. दोर तुटका राहतो, पेशी मरते. या पदार्थात बदल करून बनवलेली दोन औषधं अमेरिकेत १९९६ सालापासून वापरात आहेत.

ज्याला वासामुळं कोणी हात लावत नव्हतं, त्या नरक्याला अचानक भाव आला. लाकडासाठी त्याची बेसुमार तोड झाली. औषध देणारं झाडच संपलं तर पुढच्या रोग्यांनी काय करायचं? जंगल का जपायचं, असं कोणी विचारलं तर नरक्याची ही गोष्ट त्याला जरूर सांगा.

‘अमुक पानानं कर्करोग बरा होतो!’

अशी बातमी तुम्ही अधूनमधून वाचता. कधी हळद, कधी कारलं, कधी आणखी काही. त्यातलं खरं किती? अशी बातमी वाचली की तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, पेशी कुठं मेल्या? प्रयोगशाळेतल्या बशीत की माणसाच्या शरीरात? बशीत तर साबणाचं पाणी टाकलं तरी पेशी मरतात, म्हणून साबण काही कर्करोगाचं औषध होत नाही. हळदीतल्या कर्क्युमिननं बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मरतात, हे खरं आहे. पण आपण खाल्लेल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. त्यानं माणसाचा कर्करोग बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. भाजीत हळद घाला, पण तिला हॉस्पिटलचं काम सांगू नका.

दुसरा प्रश्न, चांगल्या पेशी वाचल्या का? सगळ्यांना मारणारं ते विष. रोग्याला सोसेल इतक्या मात्रेत रोगाला जास्त मारणारं, ते औषध.

तिसरा, किती माणसांवर, किती काळ तपासलं? एखादा ‘आमच्या काकांना गुण आला’ म्हणतो. काका हॉस्पिटलचंही औषध घेत होते का, हे तो सांगत नाही. खऱ्या चाचणीत पुष्कळ रोग्यांना औषध देतात, दुसऱ्या गटाशी तुलना करतात, आणि जे दिसेल ते, आवडो न आवडो, छापतात. सदाफुली, यू आणि नरक्याची रसायनं या परीक्षेला बसली आणि पास झाली. पुष्कळ झाडं नापास झाली, काहींची परीक्षा अजून व्हायची आहे.

आता यीस्ट बनवणार औषध

सदाफुली हे औषध बनवते, पण फार कंजूषपणानं. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात! याचं कारण मोठं मजेदार आहे. हे औषध दोन तुकडे जोडून बनतं. सदाफुली त्यातला एक तुकडा पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात ठेवते, आणि दुसरा पानाच्या आतल्या पेशींत. दोघांची भेटच फारशी होत नाही.

२०२२ साली डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांच्या गटानं एक नवल केलं. पाव फुगवायला वापरतात ते यीस्ट घेतलं, त्यात सदाफुलीच्या आणि इतर वनस्पतींच्या सूचना घातल्या. त्या यीस्टनं हे दोन्ही तुकडे तयार केले. मग ते प्रयोगशाळेत जोडले, झालं व्हिन्ब्लास्टिन! अजून हे लहान प्रमाणावर आहे. पण एखाद्या वर्षी पानं कमी आली म्हणून औषधाचा तुटवडा पडू नये, यासाठी त्याचा उपयोग होईल अशी आशा आहे.

करून पाहा

रंगीत लोकरीचे सहा तुकडे घ्या, प्रत्येकाचा जुळा तुकडा कापा. दोन मित्रांच्या हातांत सुतळीच्या दोऱ्या द्या आणि जुळ्यांची वाटणी करा. मग सुतळीचे तुकडे तुकडे करून तीच वाटणी करायला सांगा. झाली ना पंचाईत? हेच व्हिन्क्रिस्टिन करतं. सदाफुलीचं चित्र काढा, पानं समोरासमोर येतात का, मोजून पाहा. पान मात्र तोंडात घालायचं नाही, आणि हात लावला तर धुवायचे.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाचा ताप बरेच दिवस हटत नसेल, ते पांढरंफटक दिसत असेल, न पडता अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, हाडं दुखत असतील किंवा मानेत, काखेत गाठी वाढत असतील, तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण नसलंच साधं, तर वेळेवर कळणं लाखमोलाचं.

आणि असा प्रसंग आलाच, तर कोणी सुचवलेला काढा किंवा रस डॉक्टरांपासून लपवू नका. काही झाडपाला औषधाच्या कामात बिघाड करू शकतो. पैशाची अडचण असेल तर हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात विचारा. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. मुंबईच्या परळला १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये गावोगावची मुलं येतात आणि बरी होऊन शाळेत परत जातात.

तुमच्या वर्गात असं कोणी परत आलं, तर मुलांनो, पहिल्याच दिवशी त्याच्या बाकावर जाऊन बसा. त्याला वही द्या, बुडालेला अभ्यास दाखवा, आणि मधल्या सुट्टीत सोबत न्या. ते औषध मात्र कोणत्याच झाडात मिळत नाही.